ले-अपचा पाय आणि दुसरा पाय: उडीतला फरक कसा मोजायचा, कसा भरून काढायचा

उजव्या हाताने खेळणारा खेळाडू ले-अपला, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळ उडी मारत चेंडू टाकायला, जातो तेव्हा शेवटचं पाऊल डावं पडतं, म्हणजे उडी डाव्या पायावर जाते. इंदूरच्या रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर एखाद्या संध्याकाळी कडेला उभे राहा आणि एकाच मुलावर नजर ठेवून त्याचे टेक-ऑफ मोजा. डावे किती, उजवे किती, दोन्ही पायांचे किती, याच्या रेघा वहीत ओढत गेलात तर अर्ध्या तासात चित्र समोर येईल. रोजचा हाच हिशोब चार-पाच वर्षं चालला की दोन पायांत फरक पडणारच.

हा लेख शाळेच्या किंवा कॉलनीच्या संघाला नव्याने शिकवू लागलेल्या कोचसाठी, आणि घरचा मुलगा किंवा मुलगी खेळते म्हणून या गोष्टीत डोकावणाऱ्या आईबाबांसाठी आहे. फोर्स प्लेट (पायाचा जोर मोजणारी पाटी), आयसोकायनेटिक मशीन (स्नायूंची ताकद मोजणारं यंत्र) असलं काही हाताशी नाही असं धरून चाललो आहोत. फोन, मेजर टेप आणि वही एवढ्यावर काम भागतं. फक्त मोजणीतली चूक किती हे आधी कळलं पाहिजे, कारण नवखा माणूस अडकतो तो तिथेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. फरक म्हणजे आजार नव्हे. दोन पायांतला फरक १० ते १५ टक्क्यांपुढे गेला की धोका, अशी रेघ सगळीकडे सांगितली जाते, पण ती सोयीची रेघ आहे. ९ टक्के म्हणजे सुखरूप आणि ११ टक्के म्हणजे धोका, असं शरीरात काही घडत नाही. एका पायाच्या उडीतला फरक आणि धावण्याचा किंवा वळण्याचा वेग यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. तेव्हा आकडा हाती आल्या आल्या पोराला घाबरवू नका, आणि आईबाबांना तर त्याहून नको.

काय काय लागेल

- २४० फ्रेम प्रति सेकंद स्लो मोशन घेणारा फोन. निदान १२० तरी हवेत.
- १० मीटरचा मेजर टेप. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा फायबरचा चालेल. स्टीलचा टेप जमिनीवर पसरला की गुंडाळून उसळतो.
- पांढरी चिकटपट्टी, खडू आणि फोन उभा ठेवायला वीट किंवा छोटा स्टँड.
- न हलणारा लाकडी बाक, साधारण ४५ सेंमी उंच. प्लास्टिकची खुर्ची सरकते, ती नको.
- वही. रकाने असे: तारीख, वय, उंची, वजन, खेळण्याचा हात, ले-अपला उडायचा पाय, मागच्या वर्षभरातल्या दुखापती (कोणता पाय, किती दिवस बाहेर), आज कुठे दुखतंय का.
- खेळाडू अठराच्या आतला असेल तर पालकांची लेखी संमती. व्हिडिओ पायांचा असला तरी कागद घ्या. फोन जमिनीलगत ठेवून चित्रण करायचं असल्याने मुलींच्या बाबतीत तर आधी आईला नाहीतर बाबांना समोर बसवून सगळं दाखवा, आणि चौकटीत घोट्याच्या वरचं काही येणार नाही असा फोन लावा.

१. आधी कोणाला बाजूला बसवायचं ते ठरवा

गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखतो, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी दुखतं, किंवा गेल्या सहा आठवड्यांत घोटा मुरगळला होता, असं कोणी सांगितलं तर त्याची उडी आज घ्यायची नाही. दुखरा पाय आपोआप अंग चोरतो. त्याचा आकडा ताकदीचा नसतो, दुखण्याचा असतो.

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेला खेळाडू तर या लेखाच्या बाहेरच ठेवा. त्याच्या मोजण्या फिजिओ आणि सर्जनच्या सल्ल्याने व्हायला हव्यात. त्यात एक फसवी गोष्ट असते: ऑपरेशननंतर खेळ बंद असतो तेव्हा धडधाकट पायही कमजोर होतो. मग दोघांची तुलना केली की ९५ टक्के बरोबरी दिसते आणि सगळे खूश होतात, प्रत्यक्षात दोन्ही पाय खाली आलेले असतात.

बारा ते पंधरा वयाची पोरं झपाट्याने उंच होत असतात, त्या काळात फरक महिन्यागणिक हलतो. त्यांची उंची दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा आणि एका मोजणीवरून काही ठरवू नका.

२. जागा आणि वेळ पक्की करा

जी फरशी पहिल्या वेळी, तीच दर वेळी. सिमेंटच्या कोर्टवर एकदा आणि लाकडी कोर्टवर एकदा मोजलंत तर तुलना उरत नाही. मालव्यातल्या डिसेंबरच्या सकाळी उघडं कोर्ट दवाने ओलं असतं आणि पायही गारठलेले असतात, म्हणून हिवाळ्यात मोजणी संध्याकाळी ठेवा. बूट रोजचेच हवेत, पण ते आधी उलटे करून पाहा. एका बुटाचा चवडा गुळगुळीत झालेला असेल तर घसरण्याच्या भीतीने त्या पायाची उडी कमी भरते.

आदल्या दिवशी सामना किंवा पायांचा जड व्यायाम नको. आणि पोहे-जलेबी मोजणीनंतर. इंदुरात हे सांगावं लागतं.

अंग गरम करायला दहा मिनिटं द्या: हलकं धावणं, दोन्ही पायांच्या दहा बैठका, प्रत्येक पायावर पाच छोट्या उड्या, मग पूर्ण जोराच्या दोन.

३. उडी शिकवा, मगच मोजा

ही पायरी गाळली की पुढचं सगळं वाया जातं. ज्या पायावर मूल लहानपणी लंगडी खेळलं त्या पायावर त्याला एका पायाची उडी येते. दुसऱ्या पायावर ती येतच नसते, तोल सांभाळण्यातच जोर जातो. पहिल्या दिवशी दिसणाऱ्या फरकाचा बराच भाग हा सवयीचा असतो. म्हणून वेगवेगळ्या दोन दिवशी नुसता सराव घ्या, प्रत्येक पायावर पाच-सहा उड्या, आणि तिसऱ्या दिवशी मोजा.

उडी अशी:

- दोन्ही हात कमरेवर, शेवटपर्यंत तिथेच.
- एका पायावर उभं राहायचं. दुसऱ्याचा गुडघा थोडा वाकलेला, पाऊल नडगीच्या मध्यापाशी. दोन सेकंद स्थिर.
- पटकन खाली जाऊन लगेच वर. किती खाली जायचं ते खेळाडूने ठरवावं.
- लोंबता पाय झोपाळ्यासारखा मागून पुढे फेकायचा नाही. हा सर्रास होणारा गोंधळ आहे, त्याने उंची फुकटात वाढते.
- हवेत गुडघा सरळ. उतरताना त्याच पायाच्या चवड्यावर आधी टेकायचं, मग गुडघा वाकवून सावरायचं.

हवेत गुडघा दुमडला की पाय उशिरा टेकतो, हवेतला वेळ वाढतो आणि उडी आहे त्यापेक्षा उंच भासते. दुमडलेली उडी सरळ रद्द करा. रद्द केलेली उडीही वहीत फुलीने नोंदवा. एखाद्याच्या उजव्या पायालाच सारख्या फुल्या पडत असतील तर ती स्वतःच एक माहिती आहे.

४. फोनने उभी उडी मोजा

फोन जमिनीवर, पायापासून दीड मीटरवर, बुटाच्या तळाच्या पातळीत. बुटाच्या टोकाला पांढरी पट्टी चिकटवा. काळा तळ आणि गडद फरशी असली की पाय कधी सुटला ते कळतच नाही. चित्रण उजेडात करा. आपल्याकडच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्यांना ते दिसत नाही पण २४० फ्रेमच्या चित्रणात पट्टे येतात आणि नेमकी हवी ती फ्रेम काळवंडते.

प्रत्येक पायाच्या तीन चांगल्या उड्या. दोन उड्यांमध्ये ४५ सेकंद ते एक मिनिट विश्रांती. अर्ध्या संघाने डाव्याने सुरुवात करावी, अर्ध्याने उजव्याने, म्हणजे थकव्याचा भार एकाच बाजूवर पडत नाही.

आता व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवा. बुटाचं टोक जमिनीपासून सुटलेली पहिली फ्रेम आणि बुटाचा कुठलाही भाग टेकलेली पहिली फ्रेम शोधा. मधल्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. हा झाला हवेतला वेळ, सेकंदांत. उंची काढायची रीत:

उंची (सेंमी) = १२२.६ × वेळ × वेळ

यात वेगळी जादू काही नाही. गुरुत्वाकर्षणाचा ९.८१ हा आकडा आठाने भागून सेंटिमीटरमध्ये मांडला आहे. ९६ फ्रेम म्हणजे ०.४० सेकंद, म्हणजे १९.६ सेंमी. ९० फ्रेम म्हणजे ०.३७५ सेकंद, म्हणजे १७.२ सेंमी. १०८ फ्रेम असतील तर ०.४५ सेकंद आणि २४.८ सेंमी.

इथे फ्रेमचा हट्ट का, तेही पाहा. २४० च्या चित्रणात एक फ्रेम इकडची तिकडे झाली तर ९६ च्या जागी ९७ होतात आणि उंची १९.६ वरून २०.० होते, म्हणजे ०.४ सेंमीची चूक. साध्या ६० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमच्या चुकीने १९.६ ची २१.३ होते. ३० फ्रेमवर तर थेट २३.०. जो फरक शोधायचा तो दोन-अडीच सेंमीचा आणि मोजपट्टीच तेवढ्याने हलते, मग मोजून उपयोग काय?

म्हणूनच व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर मागवू नका. पाठवताना तो आकसतो, त्यातल्या फ्रेम गळतात आणि पाहणाऱ्याला कळतही नाही. ज्या फोनवर घेतला त्याच फोनवर मोजा, किंवा केबलने मूळ फाइल काढा. काही स्वस्त फोन २४० म्हणतात पण मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतात. तपासायचं असेल तर दुसऱ्या फोनवर शंभरांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करून त्याचं चित्रण घ्या. फ्रेम पुढे सरकवताना आकडे गिचमिड, एकात एक मिसळलेले दिसले तर तो फोन या कामाचा नाही.

५. लंगडीच्या तीन उड्या

टेप जमिनीवर पसरा. बुटाचं टोक शून्यावर, एकाच पायावर सलग तीन लांब उड्या, तिसऱ्या उडीनंतर त्याच पायावर दोन सेकंद स्थिर. टाच जिथे टेकली तिथवर मोजा. डगमगला, दुसरा पाय टेकला, तर रद्द. टेप नसेल तर बास्केटच्या मागच्या अंत्यरेषेच्या आतल्या कडेवरून सुरुवात करा. तिथून फ्री-थ्रो लाइनची लांबची कड ५.८० मीटरवर असते, तिच्या अलीकडे-पलीकडे वीत लावून अंतर काढता येतं.

ही चाचणी वरच्या चाचणीची जागा घेत नाही. पुढे झेपावणाऱ्या उडीत खुबा आणि घोटा बहुतेक काम उरकतात, गुडघा मागे राहिला तरी अंतर भरून निघतं. सरळ वर जाणाऱ्या उडीत गुडघ्याला लपायला जागा कमी. त्यामुळे एका चाचणीत डावा सरस आणि दुसरीत उजवा, असंही निघतं. दोन्ही आकडे खरेच असतात, ते एकमेकांत मिसळून सरासरी काढू नका.

६. गणित: एकच सूत्र धरा

नमुन्याला दोन खेळाडू घेऊ.

पहिला: डाव्या पायाच्या तीन उड्या १९.२, २०.०, १९.६. सरासरी १९.६. उजव्याच्या १६.९, १७.६, १७.२. सरासरी १७.२. फरक २.४ सेंमी. सरस पायाच्या आकड्याने भागलं तर १२.२ टक्के.

आता याच उड्यांची मजा पाहा. कमजोर पायाच्या आकड्याने भागलं तर १४ टक्के येतात. दोन्हींच्या सरासरीने भागलं तर १३. दोन्हींच्या बेरजेने भागलं तर ६.५. आणि उंची न काढता नुसत्या फ्रेम घेतल्या, ९६ आणि ९०, तर ६.३ टक्के. उंची वेळेच्या वर्गाने वाढते, म्हणून वेळेतला फरक उंचीत साधारण दुप्पट दिसतो. पोरगा तोच, उड्या त्याच, आणि एक कोच म्हणतो "ठीक आहे", दुसरा म्हणतो "फिजिओला दाखवा". नेटवर कुठे तक्ता सापडला तर त्यात कशाला कशाने भागलंय ते आधी शोधा. आपण हे धरू:

फरक (टक्के) = (सरस − कमजोर) ÷ सरस × १००

आणि पुढे लिहा की सरस पाय कोणता. "१२ टक्के" एवढंच लिहून ठेवलं आणि पुढच्या वेळी बाजू उलटली तर वहीत काहीच बदललेलं दिसणार नाही.

आता दुसरा खेळाडू: डावा १८.४, २०.९, १९.६, सरासरी १९.६. उजवा १८.४, १७.६, १९.२, सरासरी १८.४. फरक ६.१ टक्के. पहिल्याच्या निम्मा, पण तेवढ्यावर थांबू नका. याच्या एकट्या डाव्या पायाच्या उड्याच अडीच सेंमीने इकडेतिकडे झाल्या आहेत. एकाच पायाच्या उड्या किती विखुरल्या आहेत ते काढा: तीन उड्यांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे उड्या सरासरीपासून साधारण किती दूर पडल्या तो आकडा), भागिले सरासरी, गुणिले १००. फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये एका सूत्रात होतं. या खेळाडूच्या डाव्याचं ६.४ टक्के येतं, उजव्याचं ४.३. डाव्या-उजव्यातला फरक ६.१ आणि एकट्या डाव्यातला विखुरलेपणा ६.४. म्हणजे फरक आहे असं म्हणताच येत नाही. याला व्यायाम सांगायचा नाही, उडी नीट शिकवून पुन्हा मोजायचं.

पहिल्याचा विखुरलेपणा दोन्ही पायांत २ टक्क्यांच्या आसपास आहे आणि फरक १२.२. हा फरक खरा.

नियम एवढाच: डाव्या-उजव्यातला फरक दोन्ही पायांपैकी जो जास्त विखुरलेला त्याच्या टक्क्यांपेक्षा मोठा असेल तरच तो फरक. तोही आठवड्याने पुन्हा मोजल्यावर त्याच बाजूला आला पाहिजे.

७. फरक कुठून आला ते शोधा

लगेच वजन उचलायला लावू नका. खालून वर तपासत जा.

घोटा: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, पाऊल भिंतीशी काटकोनात, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. पाऊल मागे सरकवत जा. टाच न उचलता गुडघा टेकतो असं अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं जास्तीत जास्त अंतर मोजा. दोन्ही पायांत दोन सेंमी किंवा अधिक फरक असेल तर आधी घोट्यावर काम. बास्केटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त होणारी दुखापत घोटा मुरगळण्याची. सूज उतरते, पोरगा खेळू लागतो, घोटा मात्र पूर्वीइतका वाकत नाही. मग उडीआधी खाली बसायला जागाच राहत नाही आणि आपण मांडीला दोष देत बसतो.

तोल आणि पोच: एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने जमिनीवरच्या टेपवर पुढे जिथवर पोचता येईल तिथवर हलका स्पर्श करायचा, टाच न उचलता. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या पुढच्या पोचेत डाव्या-उजव्यात ४ सेंमीपेक्षा जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट दिसली. तो अभ्यास त्या मुलांवरचा आहे, त्यामुळे ४ सेंमी ही दगडावरची रेघ समजू नका. पण एवढी स्वस्त चाचणी सोडूही नका.

पोटरी: पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवून टाच वर-खाली, एक सेकंद वर, एक खाली. बोटाने भिंतीचा नुसता आधार. टाच पहिल्याइतकी उंच जात नाही त्या क्षणी मोजणं थांबवा. मुलं शेवटच्या दहा वेळा गुडघ्याने झोके देऊन आकडा वाढवतात, ते धरू नका.

मांडी आणि खुबा: बाकावरून एका पायावर उठणं, बसणं, हात छातीशी. बसताना धप्पकन पडला की मोजणं बंद. गुडघा आत वळतो का ते समोरून पाहा.

आणि सगळं सारखं निघालं तर? तसंही पुष्कळदा निघतं. ताकद सारखी, उडी वेगळी. मग उरते ती सवय: त्या पायावर तो कधी उडालाच नाही. अशा खेळाडूला डंबेलपेक्षा डाव्या हाताच्या ले-अपची जास्त गरज असते.

८. आठ आठवड्यांचं काम

आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार म्हणा, मधे दोन दिवसांचं अंतर राहील असं. ताकदीचं काम:

- मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक: ८ वेळा, ३ सेट. उंच मुलांना ४५ सेंमीचा बाक जड जातो, त्यांना ३० सेंमीची पायरी द्या.
- एका पायावर उभं राहून कमरेतून पुढे झुकणं, हातात डंबेल: ८ वेळा, ३ सेट. पाठ सरळ.
- पायरीवर एका पायाची टाच उचलणं: १२ वेळा, ३ सेट, वर एक सेकंद थांबून.
- दोन्ही पायांची बैठक वजनासह: ६ ते ८ वेळा, ३ सेट. असमतोल आहे म्हणून दोन पायांचे व्यायाम बंद करायचे नसतात, उलट त्यांनी दोन्ही पायांची ताकद वाढते.

वजन एवढं की सेट संपताना आणखी दोनच वेळा जमलं असतं. सुरुवात नेहमी कमजोर पायाने करा, आणि सरस पायाने तेवढ्याच वेळा तेच वजन. कमजोर पायाला फक्त पहिल्या व्यायामात एक सेट जास्त. दुप्पट काम देणारे कोच भेटतात. तिसऱ्या आठवड्यात त्याच गुडघ्याची वाटी दुखू लागते आणि सगळंच थांबतं.

उड्यांचं काम तिसऱ्या आठवड्यापासून. आधी उतरायला शिका: २० सेंमीच्या ठोकळ्यावरून एका पायावर उतरून तीन सेकंद पुतळ्यासारखं स्थिर, प्रत्येक पायावर ५ वेळा, २ सेट. ते आवाज न करता जमलं की पाचव्या आठवड्यापासून एका पायाच्या उभ्या उड्या ४ वेळा, ३ सेट, आणि लंगडीच्या तीन-तीन उड्यांच्या ३ फेऱ्या. दर दिवशी एका पायावर वीस-पंचवीस टेकण्या झाल्या की पुरे. सिमेंटच्या कोर्टवर त्याहूनही कमी, किंवा हे काम गवतावर न्या.

कोर्टवरचं काम याहून सोपं आणि मला विचाराल तर याहून महत्त्वाचं. ले-अपच्या रांगा दोन्ही बाजूंनी सारख्या करा: उजवीकडून दहा, तर डावीकडून डाव्या हाताने दहा. पोरं डावीकडून जाऊनही उजव्याच हाताने टाकतात आणि पावलं बदलून पुन्हा डाव्याच पायावर उडतात. चेंडू कुठे गेला ते सोडा, पाय बघा. सुरुवातीला चेंडूविना चालवा: डावं पाऊल, उजवं पाऊल, उडी, डावा हात बोर्डकडे. आठवडाभर हसतील, मग जमतं. रिबाउंडच्या (हुकून परत आलेला चेंडू उडी मारून पकडायच्या) सरावात दोन्ही पायांवर उडून दोन्ही पायांवर उतरण्याचा आग्रह धरा.

दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी उतरत असेल तर चालू ठेवा. त्यावर गेलं किंवा सकाळी पाय जड राहिला तर उड्या बंद, ताकदीचं काम हलकं. दोन आठवडे तसंच राहिलं तर डॉक्टर.

९. पुन्हा मोजा, आणि टक्क्यांच्या आधी सेंटिमीटर बघा

चौथ्या आठवड्याअखेर एकदा, आठव्याअखेर एकदा. त्याच कोर्टवर, त्याच फोनने, त्याच वेळी, तेच बूट.

पहिल्या खेळाडूचं उदाहरण पुढे नेऊ. समजा आठ आठवड्यांनी डावा १७.८ आणि उजवा १७.२ आला. फरक १२.२ वरून ३.४ टक्क्यांवर, कागदावर झकास. पण नीट बघा: उजवा पाय जिथे होता तिथेच आहे आणि चांगला पाय जवळपास दोन सेंमीने खाली आलाय. स्पर्धांचा मोसम चालू होता का, झोप कमी झाली का, की सरस पायाला व्यायामच दिला नाही? हा सुधार नव्हे. याउलट डावा २०.४ आणि उजवा १८.६ आला तर फरक ८.८ टक्के राहतो, टक्क्यांत मोठी घट दिसत नाही, पण दोन्ही पाय वर गेले आहेत आणि कमजोर पाय जास्त वर गेला आहे. हवं होतं ते हेच.

शून्य टक्क्यांच्या मागे लागू नका. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय उडीत थोडा सरस राहणारच, ते या खेळाचं काम आहे. फरक स्वतःच्या विखुरलेपणाच्या आसपास आला आणि दोन्ही आकडे वर गेले, की जादा सेट काढून टाका आणि दोन्ही पायांना सारखं काम द्या. डावीकडच्या रांगा मात्र चालू ठेवा. त्या बंद पडल्या की पुढच्या मोसमात वही पुन्हा पहिल्या पानावर येते.

मोजणीच्या वहीचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याचा आकडा त्याला, त्याच्या आईबाबांसमोर, दोन्ही पायांच्या सेंटिमीटरसह दाखवा.